शालिग्राम वकिलाचे तह

बोरटेक गावात वकील म्हटलं की काळा कोट कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तिथं वकील म्हणजे शालिग्राम. सातवीत शाळा सोडलेला, तूर-सोयाबीन करणारा, घाऱ्या डोळ्यांचा शालिग्राम. शिरपूर जैनच्या बसथांब्यावर उतरून कोणालाही विचारा, वकीलसाहेब कुठं राहतात म्हणून. तो माणूस आपलं काम सोडून तुम्हाला बोरटेकच्या वाटेला लावून देईल आणि वर बजावेल, "चहा पेल्याबिगर सोडत नाई ते. टाईम घेऊनच जा."

ही वकिली त्याला नाटकानं दिली. चंपाषष्ठीच्या जत्रेत बोरटेकला तहाचं नाटक होतं. दरवर्षी तेच. दोनशे वर्षांमागं इंग्रज आणि नागपूरकर भोसले आपल्या ह्याच वऱ्हाडात लढले, अडगावच्या रानात भोसल्यांची फौज मोडली, पाठोपाठ गाविलगड पडला आणि मग देवगावला तह झाला, एवढी ती कथा. नाटक कोणी रचलं ते ठाऊक नाही, कुठं लिहून ठेवलेलं नाही, तोंडातोंडी चालत आलंय. त्यातला मुख्य माणूस ना राजा, ना जनरल. मुख्य माणूस म्हणजे इंग्रजांकडून बोलणी करायला येणारा गोरा साहेब. दुसऱ्याच्या वतीनं बोलायला जाणाऱ्याला तेव्हा वकील म्हणत, म्हणून तो वकीलसाहेब. खऱ्या साहेबाचं नाव काय होतं, तो काळा की गोरा की तांबडा, हे बोरटेकात कोणाला माहीत नाही आणि त्यावाचून कोणाचं अडलेलंही नाही.

शालिग्राम वीसेक वर्षांचा असताना आधीचा साहेब पडला आजारी. आता साहेब कुठून आणायचा? कोणीतरी म्हणालं, घाऱ्या डोळ्यांचा हा एकच आहे गावात, ह्यालाच उभा करा. वाशिमच्या एका बँडवाल्यानं टाकून दिलेला लाल कोट अंगात घातला, वाळक्या भोपळ्याची टोपी करून ती पांढरी रंगवली, तोंडाला खोबरेल तेलात कालवलेला सफेदा फासला, आणि झाला की साहेब! तो जो झाला तो झालाच. पस्तीस वर्षं दुसऱ्या कोणी तो कोट अंगाला लावला नाही.

नाटकात मंचाच्या एका टोकाला भोसल्यांचा तंबू, दुसऱ्या टोकाला इंग्रजांचा. साहेब नुसता इकडून तिकडं, तिकडून इकडं. भोसला राजा म्हणजे शेजारच्या तांड्यावरचा लखीराम. काय आवाज त्याचा! तो मिशीवर हात फिरवून गरजतो, "जाऊन सांग तुझ्या जनरलले, वऱ्हाडातलं ढेकूळ बी भेटनार नाई!" साहेब निघतो, निम्म्या वाटेत थांबतो, लोकांकडं बघून एक डोळा मारतो, आणि पलीकडं जाऊन सांगतो, "राजा बोलता है, सोच के बतायेंगे." जनरल ओरडतो, "उसको बोलो, नागपूर भी जला देगा!" साहेब परत निघतो, पुन्हा थांबतो, पुन्हा डोळा, आणि भोसल्याला सांगतो, "जनरलसाब आपको सलाम बोला है." ह्या डोळा मारण्यावर लोक जीव टाकायचे. बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. म्हातारेसुद्धा म्हणायचे, आता थांबते पाहा, आता मारते डोळा!

आणि गंमत अशी की लोकांना ते खरंच वाटायला लागलं. दोन भावांचं बिनसलं, शालिग्रामला बोलवा. बायको माहेरी जाऊन बसली, शालिग्रामला बोलवा. विहिरीवरनं कुऱ्हाडी निघाल्या, अरे धावा, वकिलाला उठवा! तोही जायचा. जेवणाचं ताट सोडून जायचा. त्याची रीत ठरलेली. भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवायचंच नाही. एकाला ह्या घरात, दुसऱ्याला त्या घरात, आणि हा मधे ये-जा करणार. इकडं ऐकलेलं तिखट बोलणं वाटेत टाकून द्यायचं आणि तिकडं गोड तेवढं पोचवायचं. "तो म्हणे, भाऊच हाय माहा, चुकलं." तिकडून परत, "तो म्हणे, माहंबी चुकलं." दोघंही मनात फुगायचे, समोरचा नमला म्हणून, आणि गळ्यात पडायचे. आता खोटं बोलू नये म्हणतात शहाणी माणसं. म्हणोत बापडी! कुऱ्हाडी तरी खाली ठेवल्या ना शालिग्रामनं?

असाच त्यानं किशनचा तह केला होता. किशन आणि त्याचा थोरला भाऊ, दोघांत धुऱ्यावरून जुंपली होती. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. थोरल्यानं तो रेटत रेटत किशनच्या वावरात नेला होता. शालिग्रामनं आठवडाभर पायपीट करून समेट घडवला. भाऊ भाऊ बोलायला लागले, धुरा मात्र राहिला तिथंच, किशनच्या वावरात. त्या दिवशी जेवताना शालिग्रामची बायको पंचफुला म्हणाली, "अजी, तुमच्या तहात नेमी धाकट्याचंच काहून जाते?"

"थोरला ऐकत नाई नं," शालिग्राम म्हणाला. "जो ऐकते त्यालेच सांगा लागते."

पंचफुलानं त्याच्या ताटात भाकर टाकली आणि विषय सोडून दिला. तिथंच तिनं त्याला धरायला पाहिजे होतं, असं माझं मत. पण आपण कोण बोलणारे?

रूपाली ही त्यांची एकुलती एक. नाटकावर जीव ओवाळून टाकणारी पोरगी. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून बापाच्या तोंडाला सफेदा तीच लावायची, आणि पडद्याआड बसून सगळ्यांची बोलणी ओठांतल्या ओठांत म्हणायची. तिला दिली कामरगावला. जावई रविकांत, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. पोरगा सुपारीलासुद्धा शिवत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. तो मारायचा ते शुद्धीत मारायचा.

पहिल्यांदा ती परत आली तेव्हा गळ्यावर बोटांचे वळ होते. चार दिवसांनी रविकांतचा बाप रामराव, म्हणजे शालिग्रामचा इवाई, गावातले दोघं-तिघं घेऊन बैठकीला आला. ते ओसरीवर बसले, रूपाली स्वयंपाकघरात. मधे एक अंधारं मधलं घर, तिथं तुरीची पोती रचलेली. शालिग्राम आपल्याच घरात वकील झाला. रामराव म्हणाला, "पोरगी उलटून बोलते. मार खाते तं आपल्या तोंडानं खाते. न्यायला आलो, पण समजावून पाठवा." शालिग्राम उठला, मधल्या घरात पोत्यांपाशी क्षणभर थांबला, आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ते म्हणतात, आमच्या पोराचं चुकलं. पुन्हा असं होनार नाई."

"खरंच म्हणले, बाबा?"

"माह्या समोर म्हणले."

"मंग रविकांतच्या तोंडून ऐकू द्या मले एकदा. तो म्हणला तं जातो."

शालिग्राम पुन्हा मधल्या घरातून गेला, पुन्हा पोत्यांपाशी थांबला, आणि ओसरीवर सांगितलं, "पोरगी म्हणते, माफी करा, मोठ्या मनानं घेऊन जा." परत येऊन तिला सांगितलं, रविकांत घरी गेल्यावर स्वतः म्हणेल. साडी-चोळी झाली, नारळ झाला, पोरगी गेली. लोक म्हणाले, वाह रे वकील, स्वतःच्या घरचाबी तह करून दाखवला!

दुसऱ्यांदा आली ती मनगट सुजवून. पुन्हा बैठक, पुन्हा तीच ओसरी, आणि ह्या वेळी पाहायला अर्धं गाव. शालिग्रामनं तीच ये-जा केली. फरक एवढाच पडला की रूपालीनं ह्या खेपेला 'खरंच म्हणले?' असं विचारलं नाही. बाप काय सांगतो ते ऐकलं, त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि उठून पिशवी भरायला लागली. शालिग्रामला बरं वाटलं. समजदार झाली पोरगी, तो रात्री पंचफुलाला म्हणाला. पंचफुला भिंतीकडं तोंड करून निजली होती.

ह्या वर्षी दिवाळी झाली आणि ती तिसऱ्यांदा आली. एकटीच, हातात पिशवीसुद्धा नाही. डाव्या कानातून पाणी वाहत होतं. वाशिमच्या डॉक्टरनं कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं, ह्या कानानं आता नीट ऐकू येणार नाही म्हणाला. शालिग्रामला तिच्याशी बोलायला उजवीकडून जावं लागायचं. पण घाव एकीकडं आणि अब्रू एकीकडं. सात गावचे तह करणारा माणूस, त्याचीच लेक घरी बसली तर उद्या कोण त्याचा शब्द मानेल? अशात रामरावचा फोन आला, "जत्रेले येतो, तुमचं नाटक पाहतो, अन् सून घेऊन जातो." शालिग्राम फोनवर "या ना, या" म्हणाला. दुसरं काही त्याच्या तोंडून निघालंच नाही.

जत्रेच्या दुपारी रूपाली त्याच्या तोंडाला सफेदा लावत होती. बाहेर पिपाण्या वाजत होत्या, खंडोबाच्या देवळाकडून भंडारा उधळल्याचा गलका येत होता. तिनं कपाळ केलं, गाल केले, आणि एकदम विचारलं, "बाबा, तह झाला तवा भोसल्याची नागपूरची गादी राह्यली, नाई? अन् विंग्रजाले पायजे ते भेटलं."

"हो. तह म्हणजे तेच नं."

"अन् वऱ्हाड निजामाच्या पदरात टाकलं."

"टाकलं. मंग?"

"वऱ्हाडाले कोणी इचारलं होतं काय?"

शालिग्राम हसला. "मुलखाले कोणी इचारते काय, येडे?"

तिनं बोटानं त्याची हनुवटी वर केली आणि गळ्याला सफेदा लावायला लागली. शालिग्रामचं हसू हळूहळू विरलं. काय विचारलं पोरीनं, ते त्याच्या आता कुठं ध्यानात येत होतं, आणि तिकडं लखीराम हाका मारत होता, "चला साहेब, राजा तयार हाय!"

नाटक सुरू झालं. पहिल्या रांगेत रामराव खुर्ची टाकून बसला होता आणि शेजारी रविकांत मोबाइलवर शूटिंग करत होता. लखीराम गरजला. शालिग्राम निघाला, निम्म्या वाटेत थांबला. लोक आधीच हसायला लागले होते. रविकांतनं मोबाइल नीट धरला. आणि शालिग्रामला डोळा मारताच येईना. अहो, पस्तीस वर्षांची सवय, पण पापणी हलेना! तो तसाच उभा राहिला, लोकांकडं बघत. दोन तंबूंच्या मधे उभा राहून त्याला पहिल्यांदाच वाटलं, हा साहेब काही मधला माणूस नव्हता. तो जिंकलेल्याचा माणूस होता. ज्याच्या हातात तोफा, त्याचाच निरोप गोड करून तो हरलेल्याच्या गळी उतरवत होता.

"काय साहेब, थंडी वाजून राह्यली काय?" लखीरामनं वेळ मारून नेली. लोक खदखदले. शालिग्रामनं कशीबशी शेवटची बोलणी ओढली, "वऱ्हाड छोड दो राजा, नागपूर रख लो, सुलह हो जायेगा." लखीरामनं शिक्का मारला, गुलाल उडाला, नाटक संपलं.

तोंड धुवायलाही सवड मिळाली नाही. रामराव रविकांतला घेऊन थेट ओसरीवर येऊन बसला. अंधाराच्या आत कामरगाव गाठायचंय म्हणाला. जत्रेतले लोक अंगणात गोळा झाले, कुडाला टेकून किशनही उभा होता. शालिग्राम लाल कोटात, पांढऱ्या तोंडानं पाहुण्यांपुढं बसला.

"इवाईबुवा," रामराव म्हणाला, "तुमच्या पोरीले खोटं बोलाची लय खराब सवय हाय. आजवर मी बोललो नाई, आज बोलतो. पयल्या खेपीले तुमच्यासमोर तिनं माफी मागितली. मागितली का नाई?"

शालिग्राम कोटाचं बटण चाचपायला लागला.

"अन् घरी आल्यावर पोरगा जरा तापला, तं ही त्यालेच म्हणते, 'तुमच्या बाबानं माह्या घरी येऊन चुकलं म्हणून कबूल केलं!' मी? मी कबूल केलं? पोरानं त्या दिवशी तिले लय मारलं. मीच म्हणलं, मार. खोटारडी बाई घरात नाई पायजे."

शालिग्रामला उमगलं. पोरीनं मार खाल्ला तो आपल्याच शब्दांचा! आपण गोड करून पोचवलेलं बोलणं तिनं खरं धरलं, आणि ते तोंडातून काढल्याबद्दल तिचं मनगट सुजलं. ती कधी बोलली नाही. एका शब्दानं बोलली नाही.

"जा, सांगा तिले," रामराव म्हणाला. "एक कान गेला, दुसरा हाय अजून. त्यानं तरी ऐकाले शिक म्हणा."

शालिग्राम उठला. मधल्या घरात आला. पोत्यांपाशी पाय आपोआप थांबले. तिकडं काय सांगायचं ते ओठांवर तयारच होतं: ते म्हणतात, कानाचा इलाज आमी करतो, पोरीले फुलासारखं ठेवतो. इतकं सोपं होतं ते! पोरगी पुन्हा उठली असती, पुन्हा पिशवी भरली असती, अंगणातले लोक वाहवा करत घरी गेले असते. तो पोत्याला धरून उभा राहिला, आणि मग त्यानं आपल्याच तोंडावर एक चापट मारली. खरंच मारली.

स्वयंपाकघरात पंचफुला चहा गाळत होती. तो रूपालीच्या उजव्या बाजूला गेला आणि म्हणाला, "ते म्हणतात, एक कान गेला, दुसरा हाय अजून. त्यानं तरी ऐकाले शिक म्हणा."

पंचफुलाच्या हातातली गाळणी पडली. रूपाली बापाकडं पाहत राहिली. त्याच्या गालावर पाच बोटांचा सफेदा पुसला गेला होता. तिनं सावकाश विचारलं, "असंच म्हणले?"

"असंच. एक अक्षर बदललं नाई."

"मंग त्याईले सांगा, मी येत नाई. आज नाई, उद्या नाई. अन् सांगा, माफी मी कधीच मागितली नोती."

शालिग्राम परत निघाला. पोत्यांपाशी थांबला नाही. ओसरीवर उभा राहून, नाटकातल्या त्याच मोठ्या आवाजात, अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं त्यानं सांगितलं, "ती म्हणते, मी येत नाई. आज नाई, उद्या नाई. माफी तिनं मागितलीच नोती, रामराव. ती मी माह्या मनची सांगतली. तुमचं चुकलं, हेबी मीच माह्या मनचं सांगतलं. खोटं पोरगी नाई बोलली. मी बोललो."

"आं? अन् आमी हे तह म्हून धरून बसलो?" रामराव चपला शोधत उठला. "थू तुमच्या वकिलीवर!"

"थुका," शालिग्राम म्हणाला.

रविकांत काहीतरी बरळला, राहू द्या घरीच, आयुष्यभर पोसा, असलं काहीतरी. गाडी सुरू झाली, धूळ उडाली. लोक पांगायला लागले, पण कोणी शालिग्रामच्या पाठीवर हात ठेवला नाही. सगळे एकमेकांकडं बघत होते. प्रत्येकाला आपापला जुना तह आठवत होता. किशन कुडापासून पुढं आला, टोपी हातात घेऊन. "दादा," तो अगदी हळू म्हणाला, "माह्या भावानं तवा खरंच म्हणलं होतं का, चुकलं म्हून?"

शालिग्रामनं मान खाली घातली. किशन थोडा वेळ थांबला, टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला. त्या दिवसानंतर शालिग्रामला कोणी तह करायला बोलावलेलं नाही. रस्त्यात भेटले तर लोक पाऊस-पाण्याचं बोलतात आणि पुढं होतात. त्याला त्याचं दुःख आहे, कसं नसेल? सगळ्या आयुष्याची कमाई ती.

त्या संध्याकाळी रूपालीनं खोबरेलाची बाटली आणली, त्याला अंगणातल्या दगडावर बसवलं आणि फडक्यानं सफेदा पुसायला लागली. कपाळ झालं, गाल झाले. मग शालिग्राम तिच्या उजव्या कानाशी म्हणाला, "माह्यापायी मार खाल्ला तू. मले ठाऊक असतं तं दुसऱ्या खेपीले..."

"दुसऱ्या खेपीले मले ठाऊक होतं, बाबा."

"काय ठाऊक होतं?"

"तुमी मधल्या घरात थांबले नं, तवाच समजलं मले, शब्द बदलून येऊन राह्यले म्हून. तिकडं काय म्हणले असतील तेबी समजलं."

शालिग्रामनं तिचा हात धरला. "मंग काहून गेली, माय? काहून गेली?"

"ओसरीवर सारं गाव बसेल होतं," रूपाली म्हणाली. "तुमचा शब्द खाली पडला असता."

आणि शालिग्राम वकील रडला. गावातली माणसं जत्रेतून परतत होती, रस्त्यावरून सगळ्यांना दिसत होतं, तरी तो मोठ्यानं रडला. रूपालीनं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "डोळे मिटा, तेल जाईल." त्यानं डोळे मिटले, आणि तिनं कानामागचा राहिलेला सफेदा पुसून काढला.